अंगणातला कंडक्टर

"पुढं सरका, पुढं सरका. मागच्या साळुंकीले पानी पिऊ द्या."

सकाळी साडेसहाला हे कानावर पडलं, की मालेगावच्या आमच्या गल्लीत दिवस उगवतो. ओरडणारे इंगळे काकाजी. मेडशी, किन्हीराजा, केनवड करत तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. माणूस निवृत्त झाला, आवाज झाला नाही. मी गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या शेजारी भाड्यानं राहायला आलो, तेव्हा घरमालकानं नळ कधी येतो, वीज कधी जाते, सगळं सांगितलं. ही गाडी तेवढी सांगितली नाही.

काकाजींच्या अंगणात प्रवासी भरपूर. पाण्याच्या मातीच्या परळावर येणारी खार पासवाली, कारण ती रोज ठरल्या वेळी येते. सरडा तपासणी पथकातला. कधी येऊन बसला ते कळतच नाही. गल्लीतली पांढरी मांजर विनातिकीट. ती दिसली की काकाजी चप्पल उगारायचे, "उतर खाली, फुकटे." जास्वंदीला कळी आली तरी पुकारा व्हायचा, तोही पार चौकापर्यंत. मी शाळामास्तर, दिवसभर पोरांचा कालवा ऐकतो. सकाळी जरा शांतता मागितली तर काय चुकलं?

तरी मी दातओठ खात सोसलं. पण प्रकरण आमच्या फोडणीवर आलं.

काकाजींच्या खिडकीलगत गोडलिंबाचं, म्हणजे कढीपत्त्याचं, झाड आहे. गल्लीतल्या सगळ्या कढ्या त्याच्याच पानांवर. त्यात बुलबुलानं घरटं केलं आणि काकाजींनी झाडाभोवती सुतळी बांधून रस्ता बंद केला. पंधरा दिवस आम्ही सगळे गोडलिंबाशिवाय जेवलो. शेवटी बायको म्हणाली, "बुलबुल झाड सोडणार कधी, एकदा विचारून तरी या." ती असं म्हणाली की जावंच लागतं.

काकाजी झाडाखाली उभे होते. मी वर पाहिलं. घरटं एका बाजूनं फाटलेलं, आत काहीच नाही. मी तोंड उघडणार तोच त्यांनी माझा दंड घट्ट धरला आणि खणखणीत आवाजात पुकारलं, "तिन्ही पिल्लं जागेवर हायेत. मायनं अळी आनली."

खिडकीतून बाईचा आवाज आला, "मधल्याले भेटली का?"

"भेटली, भेटली."

मग मला ओढत फाटकापाशी नेलं. "सर, तिले दिसत नाही. दोन साल झाले, शुगरनं डोये गेले."

काकू मला अंगणात कधीच दिसल्या नव्हत्या, आणि का, ते मी कधी विचारलंही नव्हतं. माझी मलाच लाज वाटली.

"मी ड्युटीवरून आलो का ती मले दाखवे. बुलबुल पाहा, खार पाहा. मी जेवता जेवता, मुंडी वर न करता म्हनत होतो, दिसला, दिसला. आता मी सांगतो तिले."

"आणि पिल्लं?"

"परवा मांजरीनं नेले. मी पानी भरून राह्यलो होतो." त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "अजून पाच दिवसांत उडालेच असते. तवर चालवतो, मंग उडवून देतो. तुमी कोनाले बोलू नका."

मी रिकाम्या हातानं परतलो. बायकोला सांगितलं. तिनं पुन्हा कढीचं नाव काढलं नाही.

पाचव्या सकाळी शिट्टी वाजली. पाठोपाठ स्टीलच्या गिलासावर चावीचे दोन ठोके, टण टण. डबल बेल. मी धावतच गेलो. काकाजी खुशीत होते. "आले का? आता घ्या किती गोडलिंब पाह्यजे तो," म्हणत ते स्टूल आणायला घरामागं गेले.

"सर आले का?" खिडकीशी बसलेल्या काकूंनी हळूच विचारलं.

"हो काकू."

"पिल्लाइचा आवाज बंद होऊन आठ दिवस झाले, सर. दिवसभर इथंच त बसून राह्यते मी. मले समजत नाही का?"

मी घरामागं नजर टाकली. काकाजी अजून यायचे होते.

"पन ते किती रंगून सांगतेत. जलमभर असे बोलले नाही माह्यासंग. त्याइले सांगू नका, मले माहीत हाय म्हनून."

तेवढ्यात काकाजी स्टूल घेऊन आले. खिडकीकडं तोंड करून त्यांनी परत एकदा पुकारलं, "तिन्ही गेले वो. मधला सगळ्यात वर. अजून दिसून राह्यला पाहा."

काकूंनी तोंड आभाळाकडं केलं आणि चांगल्या मोठ्यानं म्हणाल्या, "दिसला, दिसला."