रंगाआबांच्या कॅनॉलवरची माणसं

रंगाआबांनी मला आतापर्यंत दोनदा पटकीनं मारलं आहे आणि एकदा अंगावर दरड पाडून. दरडीचं मला काही वाटलं नाही, पटकन आटोपलं. पटकीत मात्र आबा माणसाला पानंच्या पानं झिजवतात, आणि ती पानं टाईप करायला मलाच बसावं लागतं.

आमचं गाव बारामती-इंदापूर रस्त्याला लागून आहे. स्टँडजवळ माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. पीकविम्याचे फॉर्म, लग्नाच्या पत्रिका, दशक्रियेची कार्डं, असली कामं. रंगाआबा आमचे शेजारी. जन्मभर गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. रिटायर झाल्यावर माणसं देवदेव करतात, नाहीतर सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवतात. आबांचा देवावर विश्वास नाही आणि सून चाकणला असते, त्यामुळे दोन्ही सोयी नव्हत्या. त्यांनी कादंबरी लिहायला घेतली.

विषय आमचा कॅनॉल. इंग्रजांच्या राज्यात दुष्काळ पडला तेव्हा भुकेल्या माणसांकडून खोदून घेतलेला. त्याच्या पाण्यावर आमचा ऊस उभा आहे. त्यामुळे गावात कुठलाही कार्यक्रम असला की पाहुणा "त्या काळच्या साहेबाची दूरदृष्टी" असं म्हणतोच. त्याबरोबर मागच्या रांगेतून आबा उठायचे.

"साहेबानं किती पाट्या माती वाहिली?"

पाहुणा गोंधळायचा. मंडळाची पोरं आबांना चहाला म्हणून बाहेर न्यायची. असे बरेच चहा झाल्यावर आबांनी ठरवलं, की आता आपणच लिहायचं आणि काठावरून नाही, चरात उतरून लिहायचं.

"जुन्या पुस्तकात साहेबाचं नाव हाय, त्याच्या मडमेचं बी हाय," ते मला म्हणाले. "अन् ज्यांनी कॅनॉल खांदला त्यांचा निस्ता आकडा. आकड्याला घाम येतो व्हय, सूनबाई?"

म्हणून त्यांच्या कादंबरीत खणणाऱ्या प्रत्येक माणसाला नाव हवं होतं. कल्पनेतली नावं त्यांना खोटी वाटायची. त्यांनी ती गावातूनच उचलली, हयात माणसांची. तेव्हापासून गावाला चैन पडेना.

लोक झेरॉक्स काढायच्या निमित्तानं येऊन स्क्रीनकडे माना लांबवायचे. "वैनी, मी हाय का त्यात?" बहुतेकांना बंडात जायचं होतं. आबांनी एका प्रकरणात मजूर साहेबाच्या तंबूवर चालून जातात असं दाखवलं होतं. त्यात शिरण्यासाठी कोणी उसाचा रस घेऊन आलं, कोणी पेरू आणले. आबा खाणं ठेवून घ्यायचे आणि माणसाला परत पाठवायचे. "वशिला चालायचा न्हाय. इतिहास हाय हा, सोसायटीचं इलेक्शन न्हाय." तरी पेरूंचा काही परिणाम होत असावा. एका खर्ड्यात गावातले जवळजवळ सगळे पुरुष बंडात होते आणि माती वाहायला कोणी उरलंच नव्हतं.

बायकांची तऱ्हा वेगळी. पलीकडच्या आळीतल्या मालनकाकूंना स्वतःसाठी काही नको होतं. त्यांची एवढीच मागणी होती की त्यांच्या जावेला मजुरांच्या तळावर कुणाची तरी भाकरी चोरताना दाखवावं. "खोटं कशाला सांगू, तिची सवयच हाय ती," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी जाऊ येऊन हेच मालनकाकूंबद्दल सांगून गेली. आबांनी दोघींना एकाच टोपलीवर ठेवलं. एक भरणार, एक उचलणार. "शंभर वर्सं भांडत बसा म्हणावं."

खरी पंचाईत मुकादमाची झाली. साहेबासाठी मजुरांवर चाबूक चालवणारा आपल्यातलाच माणूस. हे नाव कोणी देईना. आबांनी शेवटी सोसायटीचे चेअरमन दिनकरराव यांचं घातलं. दिनकरराव दुकानात आले ते शर्टाच्या बाह्या वर करतच.

"रंगाआबा, आमी काय घोडं मारलं तुमचं? मुकादम करायला माणूस गावाभायेरचा मिळंना?"

"गावातल्यांना मारायला गावातलाच लागतो, दिनकरराव. साहेब स्वता कशाला हात दुखवून घील?"

दिनकरराव मानायला तयार नव्हते. मी ते प्रकरण छापून त्यांच्या हातात दिलं आणि बाकड्यावर बसवलं. त्यांनी ओठ हलवत सगळं वाचलं. उठताना आवाज खाली आला होता. "ऱ्हाऊ द्या. पर मुकादमाला घोडं द्या एक. पायी फिरतोय ते बरं दिसत न्हाय."

लिहिण्याच्या बाबतीत आबांचा दवाखाना सुटला नव्हता. माणसांचं वर्णन ते गुरांसारखं करत. पहिल्या खर्ड्यात माझ्याबद्दल होतं, 'सुनंदा बांध्यानं भरीव, खुरानं मजबूत, नजरेनं तापट.' मी 'खुरानं मजबूत' काढून टाकलं. 'तापट' राहू दिलं.

पण एक गोष्ट मला कबूल करावी लागेल. भुकेचं आणि उन्हाचं ते जे लिहीत, त्याला मी कधी हात लावला नाही. खडी फोडताना कपची उडून डोळ्यात कशी जाते, सावलीसाठी माणसं एकमेकांच्या मागे कशी बसतात, रिकाम्या पोटी पाणी प्यायल्यावर ते आत कसं वाजतं. मला वाटायचं, कुठल्या तरी पुस्तकातून काढलं असेल.

शेवटचं प्रकरण घेऊन आबा दुपारी आले. बारामतीच्या छापखान्याला दुसऱ्या दिवशी फाईल द्यायची होती. या प्रकरणात पटकी येते आणि तळावरचं जवळजवळ कोणीच वाचत नाही. मी टाईप करत गेले. दिनकरराव घोड्यासकट गेले, मालनकाकू आणि जाऊ एका दुपारी गेल्या, मीही गेले. पान संपलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, की एक हिशेब लागत नाही.

"आबा, ही सोनी कुठंय?"

सोनी म्हणजे तळावर मजुरांना पाणी पाजणारी लहान मुलगी. सुरुवातीच्या एका प्रकरणात ती कळशी घेऊन पाणी आणायला जाते. त्यानंतर दरड कोसळली, बंड झालं, साहेब बदलला, पटकी आली. सोनी अजून पाण्यालाच गेलेली होती.

"येईल की," आबा म्हणाले.

"कधी? पुस्तक संपलं. पाणी भरायला विहिरीवर गेली का पुण्याला?"

आबा हसले नाहीत. मी म्हटलं, "आणि सोनी नावाचं गावात कोणीच नाही. बाकी सगळी नावं तुम्ही गावातली घेतलीत. ही कुणाची?"

त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसत बसले. काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

"माजी भन," ते म्हणाले. "बहात्तरच्या दुष्काळात तळ्याच्या कामावर हुतो आमी. आय अन् मी खडी फोडायचो. ही पाणी द्यायची समद्यांना. एवढीशी हुती. हगवण लागली, दोन दिसात गेली. तिचं नाव हजेरीला न्हवतंच, ल्हान म्हणून. मंग कामावर मेली असं बी कुणी लिवलं न्हाय."

इतकी वर्षं शेजारी राहून मला हे ठाऊक नव्हतं. मी पंख्याचा वेग वाढवला.

"समदं लिवलं, सूनबाई. तुला मारलं, चेअरमनला मारलं. हिच्यापाशी आलो की हात चालत न्हाय. एकदा गेलीया ती. आता मी कशापायी पुन्यांदा मारू?"

"मारा कोण म्हणतंय?" मी म्हटलं. "परत आणा. पोर अशी रस्त्यात सोडून पुस्तक बंद करता येत नाही."

"पर खरं तसं झालं न्हाय. तसल्या साथीत एवढीशी पोर वाचत न्हाय."

"सगळी मेली तर मग हे तुम्हाला सांगितलं कुणी? एक तरी वाचलं असेलच की."

आबांनी रस्त्याकडे पाहिलं. एक एसटी आली, माणसं उतरवून गेली. मग ते खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसले, इतके जवळ कधी बसत नाहीत.

"लिव," ते म्हणाले.

मी नवीन पान घेतलं. त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. दिवस कलला होता. पुढच्या तळावर नवी माणसं आली होती, चुली पेटल्या होत्या. वाटेनं एक पोर येताना दिसली. डोक्यावर कळशी होती, भरलेली.

तिथं आबा थांबले. मी विचारलं, "आता? पाणी वाटते असं घेऊ?"

"आगं पाणी ऱ्हाऊ दे," आबा एकदम चिडून म्हणाले. "ती कळशी उतर आदी तिच्या डोक्यावरची. अन् तिला जेवाया घाल. लई लांबनं आलीया."