मालनताईंची साठी आणि बोहारणीची वाटी

"...आणि वाटी रिकामी कशी परत द्यायची, म्हणून मालननं आपली जन्मतारीखच घालून दिली की हो त्यात! वर आपल्या सगळ्यांची—"

इथे गिरणीवाल्याने पट्टा चालू केला आणि पुढचे सगळे ज्वारीबरोबर दळून गेले.

हेमाताई गुरसाळे रांगेत तिसऱ्या होत्या. त्यांनी मान लांब केली, पिठाचा डबा पुढे सरकवला, पण बोलणाऱ्या दोघींचे नुसते ओठ हलताना दिसत होते. गिरणी थांबली तेव्हा त्या दोघी डबे काखोटीला मारून कोपऱ्यावर पोचल्या होत्या. आता आपल्या सगळ्यांची काय? हेमाताईंना अर्धी भाजलेली भाकरी एक वेळ पचायची, अर्धी ऐकलेली गोष्ट पचायची नाही. दळण झाल्याबरोबर त्या घरी न जाता डबा घेऊन थेट मालनताई रणवऱ्यांच्या दारात गेल्या.

फलटणच्या त्या सहजीवन कॉलनीत जन्मतारखा स्वयंपाकघरातच ठेवायची रीत आहे. जन्मतारीख सुपारीएवढी असते आणि हाताला जराशी कोमट लागते. बहुतेक घरांत ती मिसळणाच्या डब्यामागे, घट्ट झाकणाच्या डबीत असते. आईचे माहेरचे नाव तिच्याशेजारी, चिंधीत गुंडाळून. मोबाइलवर येणारा ओटीपी मात्र कोणी साठवत नाही. तो भज्यासारखा, गरम आहे तोवरच कामाचा, आणि मागितला तर सख्ख्या बहिणीलाही द्यायचा नाही, हे बँकेने सगळ्यांना बजावलेले आहे. जन्मतारीख मागितली तरी देऊ नका, असेही बँकेने सांगितले होते. न मागता द्यायची वेळ आली तर काय करायचे, ते बँकेला सुचले नव्हते.

मालनताई शिवणकाम करायच्या. कॉलनीतल्या बेचाळीस घरांतल्या बायकांचे ब्लाउज तीस वर्षे त्यांनीच शिवले होते. आज त्यांचे मशीन बंद होते.

"मालनताई, चाळण आहे का हो? पीठ जरा जाडसर आलंय."

"तुझ्या घरी दोन चाळण्या आहेत हेमा. ये, बस. कळलंय तुला."

"अर्धंच कळलंय," हेमाताई प्रामाणिकपणे म्हणाल्या आणि पाटावर टेकल्या.

सोमवारी चंद्राबाई बोहारीण आली होती. तीच, जुन्या साड्यांवर स्टीलची पातेली देणारी. पण आता तिने जुने कपडे घ्यायचे बंद केले होते. एका कंपनीने तिला नाणेवाटपावर घेतले होते. गळ्यात ओळखपत्र, डोक्यावर तीच टोपली. तिने मालनताईंच्या हातात एक वाटी ठेवली. म्हणाली, आत क्रिप्टो नाणं आहे, मालकांच्या वाढदिवसाचं, फुकट.

"मी वाकून बघितलं गं. आत काही दिसेना. म्हटलं, बाई, रिकामीच आहे की ही. तर म्हणाली, ताई, आभासी नाणं आहे. दिसलं तर ते अस्सल कसलं? नाणं ठेवून घ्या, वाटी तेवढी परत द्या."

"आणि जन्मतारीख मागितली?"

"एका शब्दानं नाही! मागितली असती तर हाकललं नसतं का मी तिला? नुसती दारात उभी राहिली, वाटीची वाट बघत." मालनताईंनी पदराने कपाळ टिपले. "आता तूच सांग, दारात आलेलीची वाटी रिकामी परत द्यायची? आपल्यात कोणी देतं का? साखर संपलेली. शेंगदाणे खवट. ती तिथं उन्हात उभी. मी फळीवर हात घातला, तर डबीच हाताला लागली."

हेमाताईंनी मान हलवली. त्या जागी त्यांनीही तेच केले असते. फार तर वर तुळशीचे पान ठेवले असते.

जन्मतारीख घराबाहेर गेल्याचा परिणाम लगेच झाला होता. भिंतीवरच्या कॅलेंडरात बारा तारखेनंतर एकदम चौदा आली होती. मधला शनिवार गेला होता, आणि तिथे कागद जरा चुणला होता. त्या शनिवारी मालनताईंना साठ वर्षे पूर्ण होणार होती.

"अहो, मग वाईट काय त्यात?" हेमाताई म्हणाल्या. "एकोणसाठावर थांबलात. बायका त्यासाठी तोंडाला काय काय फासतात."

मालनताई हसल्या नाहीत.

"आई माझी एकोणसाठाव्या वर्षी गेली. साठीला आठ दिवस राहिले होते. तिनं स्वतःच्या साठीची साडीसुद्धा आणून ठेवली होती. तेव्हाच मी ठरवलं, हिचं राहिलेलं वर्ष मी बघून यायचं. आईपेक्षा मोठं व्हायचं. दुसरं काही मागितलं नाही गं मी देवाकडं. आणि आता मीही तिथंच अडकणार, तिच्याच पायरीवर."

हेमाताईंच्या तोंडात प्रश्न तयार होता, की आपल्या सगळ्यांची काय घातलीत वाटीत? मशीनशेजारच्या खिळ्याकडे त्यांची नजर गेली. तिथे मापांची लांबट वही टांगलेली असायची. खिळा मोकळा होता. तरी हेमाताईंनी विचारले नाही. कळत असून न विचारण्याची वेळ त्यांच्यावर आयुष्यात दुसऱ्यांदाच आली होती.

"उठा," त्या म्हणाल्या. "शनिवार आणायचाय."

बुधवारी दोघी चौकीत गेल्या. हवालदारांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि रजिस्टर उघडले.

"हरवली की दिली?"

"दिली," मालनताई म्हणाल्या.

हवालदारांनी रजिस्टर मिटले. "हरवली असती तर शोधली असती. चोरली असती तर चोर पकडला असता. तुम्ही आदरातिथ्य केलंय मावशी. त्याला कलम नाही."

"अहो साहेब, पण फसवून—"

"कुणी मागितलीच नाही म्हणता, मग फसवलं कसं लिहू?" त्यांनी सुस्कारा सोडला. "आमच्या घरीही तेच झालंय. मंडळींनी त्यांच्या आईचं माहेरचं नाव वाटीत घातलं. आता सासूबाई माहेरी गेल्या की दार उघडून विचारतात, कोण पाहिजे? तीन आठवडे झाले, आमच्याकडंच आहेत."

मग ते थोडे पुढे झुकले. "माल दर शुक्रवारी दुपारी टेम्पोनं कंपनीकडं जातो. तोवर बोहारणीच्या टोपलीतच असतो. जा, घासाघीस करून बघा. घासाघिशीला कायद्यात बंदी नाही."

घासाघीस हा शब्द ऐकून हेमाताईंच्या अंगात बळ आले. त्यांनी संध्याकाळी कॉलनीत फिरून चार घरांतून चार जादाच्या जन्मतारखा गोळा केल्या. जुन्या मंडळींकडे दोन-दोन असायच्या, एक खरी, एक शाळेत लावलेली. शाळेची कोणाला लागत नव्हती.

गुरुवारी सकाळी एसटी स्टँडमागच्या लिंबाखाली चंद्राबाई भेटली. समोर टोपली, टोपलीत ओल्या फडक्याखाली जन्मतारखा, मेथीच्या जुड्या ठेवाव्यात तशा. हेमाताईंनी आपली घरची वाटी पुढे केली.

"एकीच्या बदल्यात चार देते, चंद्राबाई. मालनताईंची काढा."

चंद्राबाईने एक उचलली, अंगठ्याने दाबून पाहिली, दुसरी दाबली आणि चारही परत टाकल्या.

"पहिली जून."

"मग?"

"ताई, अख्ख्या तालुक्याची पहिली जून. गुरुजींनी सगळ्यांना एकाच दिवशी जन्माला घातलंय. कंपनी घेत नाही आता. गोदाम भरलंय तिकडं पहिल्या जुनानं."

"बरं, वर एक जरीची साडी."

"साड्या बंद केल्या."

"मुलगी कुठं दिलीये तुमची?"

"लोणंदला," चंद्राबाई म्हणाली आणि दचकली. "तुम्हाला काय करायचंय?"

"सहज. जावई काय करतात? कंपनीचे मालक कुठले? तुम्ही बघितलेत का कधी?"

"नाही. ते दिसत नाहीत."

"तेही आभासी?"

चंद्राबाईने पदर चाचपला. मग पावतीपुस्तक काढून मागची बाजू दाखवली. "ताई, माझ्या हातात असतं तर दिली असती. नियम छापलाय बघा. नाणं परत आलं तरच तारीख परत."

मालनताईंचा चेहरा उतरला. "अगं, मी ते बटणांच्या डब्यात टाकलं होतं. काल सगळा डबा चटईवर ओतला. एकेक बटण बघितलं. नाणं काही दिसलं नाही."

हेमाताईंनी क्षणभर मालनताईंकडे पाहिले. मग आपल्या वाटीतल्या चारही पहिल्या जून पदराला बांधल्या आणि रिकामी वाटी चंद्राबाईच्या नाकासमोर धरली.

"घ्या. नाणं."

"यात काही नाहीये."

"आहे."

"दिसत नाही."

"तुम्ही दिलंत तेव्हा दिसत होतं?"

मागे स्टँडवर कुठल्या तरी गाडीची घोषणा झाली.

"नीट बघा चंद्राबाई," हेमाताई मायेने म्हणाल्या. "यात नाणं नसेल, तर सोमवारच्या वाटीतही नव्हतं. म्हणजे तुम्ही भल्या सकाळी मालनताईंच्या हातात रिकामी वाटी ठेवलीत असं होईल. मी काही कुणाला सांगायची नाही. पण गिरणीत गोष्टी निघतात. मग कॉलनीत कोण उभं करणार तुम्हाला?"

चंद्राबाईने वाटी घेतली. उजेडाकडे तिरकी करून पाहिली. कानाशी नेऊन हलवली. तळहातावर तोलली. बराच वेळ गेला.

"आहे," शेवटी ती म्हणाली. "पण जरा घासलंय."

"चार दिवस बटणांत होतं," मालनताई म्हणाल्या.

चंद्राबाईने पेन्सिल जिभेला लावली आणि पावती फाडली. 'नाणे एक, परत मिळाले, किंचित घासलेले.' हेमाताईंची वाटी आता तिला रिकामी परत देता येत नव्हती, तेव्हा तिने फडके बाजूला केले, टोपलीत कोपरापर्यंत हात घातला आणि मालनताईंची जन्मतारीख काढून वाटीत ठेवली. मालनताईंनी ती उचलून गालाला लावली. कोमट होती. थोडा मेथीचा वास लागला होता, तेवढेच.

दोघी वळल्या तशी चंद्राबाई हळूच म्हणाली, "ताई, ती वाटी उद्यापुरती मला द्याल का? नोकरीवर घेताना कंपनीनं माझीही तारीख ठेवून घेतलीये. लेकीला माझं वय विचारलं तर सांगता येत नाही तिला."

हेमाताईंनी वाटी तिच्या हातात दिली. नाणे आतच होते.

शनिवार आला. कॅलेंडरातली चूण पहाटेच सरळ झाली होती. औक्षणाला सगळी कॉलनी मालनताईंच्या पुढच्या खोलीत जमली, पण बायका जरा आखडून बसल्या होत्या. कोणी पदर दोन्ही खांद्यांवरून ओढलेला, कोणी हाताची घडी घातलेली. गिरणीतले बोलणे सगळ्यांपर्यंत पोचले होते, आणि हेमाताईंपेक्षा पुरे पोचले होते. आपल्या सगळ्यांची मापं गेली, असे ते होते.

मालनताईंनी न विचारता गादीखालून वही काढून मध्ये ठेवली.

"बघून घ्या बायांनो. छाती, कंबर, पाठ, सगळं जागच्या जागी आहे. त्या दिवसापासून वही खाली दडवून झोपतेय मी." मग त्यांचा आवाज लहान झाला. "एवढ्या मोठ्या वाटीत एवढीशी तारीख बरी दिसेना. म्हणून तळाला एक पान घडी करून घातलं होतं. बाह्यांचं. ते परत मागायचं आनंदात राहून गेलं. काल टेम्पोनं गेलं."

"बाह्या?" एकजण म्हणाली.

"बाह्याच फक्त."

"तरीच!" हेमाताईंनी आपली बाही वर ओढली. ती पुन्हा कोपराखाली घसरली. सोमवारपासून कॉलनीतल्या सगळ्या ब्लाउजांच्या बाह्या घसरत होत्या आणि जिला तिला वाटत होते, की आपणच वाळलो.

"आणि मी घरात सांगितलं, बारीक झाले म्हणून," कोणीतरी हिरमुसून म्हणाले, आणि खोली एवढी हसली की निरांजनाची ज्योत हलली. पदर सैल झाले. उद्या टेप घेऊन बसते, पुन्हा सगळ्यांच्या बाह्या मोजते, असे मालनताईंनी कबूल केले. बाहीवरून माणूस ओळखू येत नाही, यावर सगळ्यांचे एकमत झाले.

नऊ वाजून दहा मिनिटांनी, जन्मवेळेला, साठ दिव्यांचे ताट ओवाळून झाले. मालनताई त्या क्षणी साठ वर्षांच्या झाल्या. त्यांनी आईची साडी नेसली होती, घडी मोडायची राहिलेली. रिवाजाप्रमाणे त्या भिंतीवरच्या आईच्या फोटोसमोर गेल्या आणि नमस्काराला वाकणार, तेवढ्यात थांबल्या.

फोटोतल्या आईने पदर सारखा केला होता. ती एकोणसाठची होती, आणि लहानाने मोठ्याच्या पाया पडायचे असते. चौकटीत जागा कमी होती, तरी ती वाकली.

मालनताईंनी काचेवर हात ठेवला. "सुखी राहा गं," त्या म्हणाल्या. "छान आहे इथं. काही घाबरण्यासारखं नाही."

हेमाताईंनी पेढ्यांचे ताट उचलले आणि पहिला पेढा फोटोपुढे ठेवला. लहानांना आधी द्यायची कॉलनीत पद्धत आहे.