भाग चौथा आणि चूलबंद आवतन

कट्ट! सुगंधाबाईंच्या अडकित्त्यात सुपारी फुटली आणि घरातली पाऊण तासाची शांतता मोडली. झोळीतलं बाळ दचकलं, ओठ हलवून पुन्हा निजलं.

पलंगावर सुगंधाबाई, समोर खुर्चीवर त्यांची विहीण वच्छलाबाई. नातवाचं जावळ सकाळी पार पडलं होतं, जेवणं झाली होती, आणि दोघींचं बोलणं 'वाढू का?' आणि 'नको' यापुढे सरकलं नव्हतं. वच्छलाबाईंची पिशवी भरून दाराशी उभी होती. चारच्या गाडीनं त्या पाचोऱ्याला परत निघणार होत्या.

वच्छलाबाईंच्या लेकीला, मंदाला, आई चार दिवस हवी होती. बाळ झाल्यापासून सात महिन्यांत सलग झोप नाही, हे सासूला सांगायचं कारण. खरं कारण एवढंच, की आई हवी होती.

रुसवा तीन वर्षांपूर्वीचा. सुगंधाबाईंनी इथं चोपड्याला हे नवं घर बांधलं, त्या घरभरणीचं आवतन पाचोऱ्याला गेलं ते नुसतंच, 'या' म्हणून. सुनेच्या माहेरी आवतन द्यायचं ते चूलबंद. म्हणजे त्या दिवशी त्यांच्या घरी चूल पेटवायची नाही, सगळ्या घरानं जेवायला यायचं. वच्छलाबाईंनी त्या दिवशी मुद्दाम चूल पेटवली, पुरणपोळ्या केल्या आणि घरभरणीला गेल्या नाहीत.

तेवढ्यात मंदाचा नवरा गिरधर ज्ञानचंदच्या व्हिडिओ लायब्ररीतून भाड्याचा व्हीसीआर घेऊन आला.

"देवाधर्माची एकपण कॅसेट नव्हती. मी म्हटलं, घरच्यांसोबत पाहता येईल अशी दे. कोणी तरी परत येतं, सगळे रडतात, तशी. त्यानं ही दिली."

मंदानं कॅसेट पाहिली. "अहो, हा इंग्रजी आहे. अंतराळातला. आणि भाग चौथा!"

"पहिला मी कॉलेजात असताना पाह्यलाय. मधले दोन बाहेर गेलेत. इंग्रजी तू सांग, बी.ए. झालीस ना?"

सिनेमा सुरू झाला. यानाचं दार उघडलं, धूर निघाला, धुरातून एक म्हातारा आला. त्यानं डोक्यावरचं शिरस्त्राण काढलं आणि शंभर सारंग्या एकदम रडू लागल्या. पडद्यावरची माणसं डोळे भरून त्याच्याकडे नुसती बघत राहिली. पुरतं एक मिनिट.

"हाऊ कोन शे?" सुगंधाबाईंनी विचारलं.

गिरधर खुर्चीतून उठलाच. "अरे, हा तर पहिल्या भागातला दार उघडणारा! दोन मिनिटं होता फक्त!"

"दार उघाडनारासाठे इतलं वाजाडी राहिनात?"

"जुना चेहरा दिसला की लोक टाळ्या वाजवतात, म्हणून आणलाय त्याला. ही काय कमावलेली भावना नाही. फुकटचं रडू आहे!"

तोच हुंदका ऐकू आला. वच्छलाबाईंचा पदर डोळ्यांना लागला होता.

"आई, तू ओळखतेस का त्याला?"

"मी कुठली ओळखू बाई! पण वाजंत्रीच तशी वाजतेय."

सुगंधाबाईंनी नाक ओढलं आणि मुलावर डोळे वटारले. "फुकटनं शे तं शे! रडू काय इकत आनाले जोयजे?"

मग रांगच लागली. अडगळीतल्या एका पत्र्याच्या यंत्रमानवाचा डोळा लुकलुकला, सारंग्या. जुन्या यानावरची धूळ कोणी तरी हातानं पुसली, सारंग्या. प्रत्येक वेळी दोन पदर एकदम वर जात.

"हा डबडा दुसऱ्या भागातला असेल," गिरधर म्हणाला.

"जावईबापू, जरा गप्प बसता का?"

"गप बैस ना रे!"

तीन वर्षांत दोघी विहिणींचं पहिल्यांदा एकमत झालं होतं.

शेवटी तो दार उघडणारा आणि पांढऱ्या केसांची एक सेनापतीण समोरासमोर आले. सारंग्यांनी घर दणाणलं.

"काय म्हनस तो?" सुगंधाबाईंनी विचारलं.

भिंतीवर सव्वातीन वाजले होते. मंदाला एक शब्द ऐकू आला नव्हता. पण तिच्या तोंडून निघून गेलं, "तो म्हणतोय, मला चूलबंद आवतन नव्हतं. म्हणून मी आलो नाही."

गिरधरला चहाचा ठसका लागला. "अंतराळात चूल..."

"तुम्ही झोळी हलवा!" मंदा म्हणाली.

वच्छलाबाई खुर्चीत पुढे सरकल्या. "आणि ती काय म्हणतेय?"

"ती म्हणतेय, मी तर चूलबंदच धाडलं होतं."

"कोणाच्या हाती?" वच्छलाबाईंनी थेट टीव्हीला विचारलं.

टीव्ही बोलला नाही. सुगंधाबाई बोलल्या. "आमना गडी झुलालना हाते! पाच येळा सांगेल व्हतं त्याले, चूलबंद सांगजो."

"झुलाल? तो तर ओट्यावरूनच ओरडला, जमलं तर या!"

"आते काय सांगू! त्याले सोतानं नाव इचारं तरी इचार करीसन सांगस तो!"

वच्छलाबाईंना रडता रडता हसू फुटलं. "तीन वर्षं झाली बाई, त्या दिवशीच्या पुरणपोळ्या अजून घशाखाली उतरल्या नाहीत."

सुगंधाबाई पलंगावरून उतरल्या, विहिणीच्या समोर उभ्या राहिल्या. "मंग आते मी सोता सांगस. चूलबंद! चार दिन आठेच ऱ्हावा."

चारची गाडी गेली. वच्छलाबाई बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, सुगंधाबाई त्यांना झुलालचे आणखी पराक्रम सांगत होत्या. पडद्यावर नावं सरकत होती, वाचता येऊ नयेत इतक्या घाईनं. त्यातल्या नेमक्या कोणी हे फुकटचं रडू रचलं ते मंदाला कळेना. म्हणून तिनं पदराआड सगळ्यांनाच हात जोडले. दार उघडणाऱ्यालाही.

टीव्हीपासून हातभर अंतरावर बसलेली पिंकी, पाच वर्षांची तिची थोरली, आता कुठे मागे वळली.

"आई, तो म्हातारा तर काहीच बोलला नाही. त्याचं तोंड बंदच होतं. त्या बाईचं पण."

दोन्ही आज्यांनी एकदम मंदाकडे पाहिलं.

"मग तू कुणाचं सांगत होतीस?"