चाळीस एकर, पँटीच्या उजव्या खिशात

डॉक्टरांनी मला एवढंच सांगितलं होतं की एखादा छंद जोडा. बीपी वाढलं होतं. (मी एका सरकारी कचेरीच्या आवक-जावक शाखेत आहे. माणसाचं बीपी वाढावं असं तिथं काहीही घडत नाही, हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही. शाखेलाही अब्रू असते.)

"बागकाम करा," माझी बायको नीला म्हणाली. "मागं अंगण रिकामंच पडून राहिलं."

हुडकेश्वरच्या आमच्या घरामागं दहा बाय बाराचं अंगण आहे आणि त्यात डास आहेत. मी शांतपणे विचार केला. बागकाम करायचं, पण डास नसलेलं. म्हणून मी मोबाइलवर शेतीचा एक गेम घेतला.

निर्णय एवढाच होता.

व्हिडिओ गेम म्हणजे वेळेची नासाडी, असं वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षापर्यंत मीही म्हणत होतो. शाखेतल्या तरुण मंडळींना मी त्यावर भाषणंही दिली आहेत. पण गेम दोन प्रकारचे असतात : दुसरे खेळतात ते, आणि आपण खेळतो तो. पहिल्या प्रकाराबद्दलचं माझं मत अजूनही कायम आहे.

आठ महिन्यांत माझं वावर चाळीस एकरांचं झालं. संत्रा, मधे मधे भेंडी, कोपऱ्यात दोन बदकं. दर चार तासांनी पाणी द्यावं लागायचं. एकदा मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "विश्वनाथराव, चेहरा का उतरला?" मी म्हणालो, "सर, भेंडी जून होऊन राहिली." साहेबांनी मला अर्ध्या दिवसाची रजा दिली. (खोटं वाटत असेल तर आवक रजिस्टर बघा. अर्जावर कारण 'भेंडी' असंच आहे.)

नीलाचं मत मात्र वेगळं होतं.

"दारातली तुळस वाळून राहिली, अन् तुम्ही मोबाइलले पाणी देऊन राहिले!"

"तुळशीला लेव्हल नसते, नीला," मी म्हणालो.

ती दोन दिवस बोलली नाही. त्या दोन दिवसांत माझ्या तीन लेव्हल वाढल्या.

तर अशी सुबत्ता चालू असताना आमच्या अबोलीचं लग्न निघालं. अबोली बुटीबोरीला एका कारखान्यात कापड तपासते. त्याच कारखान्यात पियुष नावाचा इंजिनियर आहे. दोघांचं ठरलेलंच होतं. अडलं होतं ते पियुषच्या वडिलांवर, मनोहररावांवर. पारशिवनीकडची माणसं, बारा एकर वावर, सहा एकरांत संत्रा. ते रविवारी सकाळी येणार होते. शनिवारी अबोलीनं मला समोर बसवलं.

"बाबा, त्यांच्या बाबांना एकच भीती आहे. शहरातले लोक शेतकऱ्याला हलकं समजतात म्हणतात. एक सोयरीक त्यांनी त्याच्यावरूनच मोडली. तुम्ही फक्त दोन गोष्टी करा. खोटं बोलू नका आणि मोबाइल काढू नका."

तिच्या आवाजात कंप होता. ही पोरगी दहावीच्या निकालालाही घाबरली नव्हती. मी वचन दिलं.

रविवारी अकराला मंडळी आली. मनोहरराव, त्यांच्या पत्नी कौसल्याबाई आणि पियुष. मनोहरराव उन्हानं रापलेले, कमी बोलणारे. सांबारवडीची बशी हातात घेऊन त्यांनी घर एकदा बघितलं, मला एकदा बघितलं आणि विचारलं, "शेतीवाडी काही?"

नेमका त्याच क्षणी माझ्या पँटीच्या उजव्या खिशात मोबाइल थरथरला. संत्रा तोडणीला आला होता.

"आहे ना," मी म्हणालो. "चाळीस एकर."

नीलाच्या हातातला ट्रे वाजला. अबोलीनं डोळे मिटले. मी इथं स्पष्ट करतो की मी खोटं बोललो नाही. आहे का विचारलं, आहे म्हटलं. कुठं आहे, हे अजून कोणी विचारलं नव्हतं.

मनोहरराव सावरून बसले. "चाळीस? कायचं पीक?"

"संत्रा."

"असं सांगा ना बाप्पा!" त्यांनी बशी खाली ठेवली. "वर्षातून कोणता बहार घेता? आंबिया का मृग?"

"दोन्ही. रोज."

"रोज?" ते पुढं सरकले. "अन् फळगळ? आमचा यंदा अर्धा आंबिया गळाला जी."

"आमच्याकडं फळ गळत नाही. तोडेपर्यंत झाडालाच राहतं. मी एकदा आठ दिवस तोडलंच नाही, तरी तसंच."

मनोहररावांनी पियुषकडं असं बघितलं की जणू त्याला शिकवून काही उपयोग झाला नाही.

"रानडुकरं येत असतील?"

"डुकरं नाही. कोल्हा येतो. पण टोपलीभर गाजरं दिली की जातो."

"कोल्हा गाजर खाते?" कौसल्याबाईंनी विचारलं.

"आमचा खातो."

"मजूर किती लावता?"

"एकटाच करतो. बसल्या बसल्या."

आता तुम्ही म्हणाल, इथं थांबायला हवं होतं. पण आयुष्यात पहिल्यांदाच कोणी माझ्या शेतीबद्दल आदरानं विचारत होतं. आमच्या घरात तर भेंडीचं नाव काढायची सोय नव्हती.

मनोहरराव उठून उभे राहिले. त्यांनी चपला घातल्या. आमच्याकडं सोयरीक करताना माणसाचं बोलणं कानांनी ऐकतात, पण वावर डोळ्यांनीच बघतात. हा रिवाज मला माहीत होता. त्या क्षणी आठवत नव्हता, इतकंच.

"चाला. वावर दाखवा. जेवण मागून."

"बाबा," अबोली पुटपुटली.

"लांब हाये का?" कौसल्याबाई पदर खोचत म्हणाल्या.

"नाही," मी म्हणालो. "जवळच आहे."

आणि मी खिशात हात घातला.

पुढचं अर्धं मिनिट खोलीत फक्त बदकांचा आवाज येत होता. (गेम उघडला की ती ओरडतात.) पियुष भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता. अबोलीचा चेहरा पांढरा पडला होता. मनोहररावांनी चष्मा लावला, माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि खुर्चीवर बसले.

"हे वावर?"

"हो जी."

"तुमचं?"

"हो जी. मले माफ करा, पोरीचा काही दोष नाही, ती तर म्हणत होती की..."

"दोन झाडांत अंतर काहून नाही सोडलं?"

मला प्रश्न कळला नाही.

"अवो, झाडावर झाड लावलं तुम्ही! सहा मीटर पाहिजे, सहा! मुळ्या कुठं जातीन? अन् संत्र्यात भेंडी? हे कोणी सांगितलं?" त्यांचा आवाज चढला. "पाण्याचा चर कुठं हाये? फळगळ नाही, गारपीट नाही, डुक्कर नाही, एवढं सुख असून असं वावर ठेवलं तुम्ही!"

"पण पीक येतं ना..."

"हे फावडं कायचं हाये?"

"झाड उपटायचं," मी बेसावधपणे सांगितलं.

मनोहररावांनी चष्मा वर सरकवला आणि माझं पहिलं झाड उपटलं. मग एक आड एक. प्रत्येक वेळी झाड 'टुप्' असा आवाज करायचं. आठ महिन्यांची बाग होती. बीपीच्या गोळ्या चुकल्या, पण पाण्याची पाळी चुकली नव्हती. मी हात पुढं केला. तेवढ्यात माझी नजर अबोलीकडं गेली. ती माझ्याकडं बघत होती, दहावीच्या निकालालाही न घाबरलेली.

मी हात मागं घेतला.

"ती पण काढा," मी म्हणालो. "तिकडची ओळ. तीही दाट झाली आहे."

टुप्. टुप्. टुप्.

"बदकं राहू देता का?" मी विचारलं.

"बदकं राहू द्या," मनोहरराव म्हणाले. ते दिलदार माणूस आहेत.

पाऊण तासानं कौसल्याबाई म्हणाल्या, "अवो, आपण पोरगी पाहाले आलो."

"पोरगी पसंत हाये," मनोहरराव मान वर न करता म्हणाले. "घर बी चांगलं हाये. शेतीच्या नावानं कोणी हासलं नाही. फक्त या माणसावर ध्यान ठेवा लागते." मग त्यांनी आपला मोबाइल पियुषकडं सरकवला. "हे माह्याच्यात बी टाकून दे."

लग्न झालं. उत्तम झालं. मनोहरराव आज माझ्यापेक्षा अकरा लेव्हल पुढं आहेत. गेममध्ये दुसऱ्याच्या वावरात मदतीला जाता येतं, म्हणून त्यांनी मला त्यांच्याकडं घेतलं आहे. कामाला उशीर झाला की फोन येतो : "विश्वनाथराव, बदकं उपाशी हायेत जी." शेजारणीनं परवा विचारलं, तुमच्या यांना आजकाल वेळ नसतो का? नीला म्हणाली, "नाही वं. हे व्याह्याकडं कामाले असतात."

गेम खेळून काय मिळतं, असं लोक अजूनही विचारतात. मला जावई मिळाला. दुसऱ्या कोणाला मिळाला असेल तर सांगा.

गेल्या महिन्यात पारशिवनीला गेलो. मनोहररावांनी आम्हाला त्यांच्या खऱ्या बागेत नेलं. सहा मीटर अंतर, पाण्याचे चर, सगळं जागच्या जागी. समोर एक पिकलेलं संत्रं लोंबत होतं. "घ्या," मनोहरराव म्हणाले, "आपल्या हातानं घ्या."

मी पुढं झालो, संत्र्यावर बोट टेकवलं आणि थांबलो.

काही झालं नाही. मी पुन्हा टेकवलं.

मागं बांधावर बसलेल्या कौसल्याबाई बराच वेळ माझ्याकडं बघत होत्या. मग त्या हळूच नीलाकडं झुकल्या.

"विहीणबाई, यायले घरी संत्रं तोडून, सोलून तुम्हीच देता का?"

"देते ना," नीला म्हणाली. "पण गिळतात आपल्या आपण."