गच्चीवरचा दवाखाना

गावात इंटरनेट आलं त्याच दिवशी मी जाहीर केलं, "आता डॉक्टरसाठी कुणी शहराची वाट धरायची नाही. फोन मी लावीन!"

पहिलं गिऱ्हाईक घरातच मिळालं. मामांचा पाय सुजून भोपळा झाला. मामा म्हणजे काडी. त्यामुळे तो पाय कुणीतरी त्यांच्याकडे ठेवायला दिलाय असंच वाटे! "शहरात नेलंत तर पाय कापतील," एवढं एकच त्यांचं पालुपद. मामींचा पदर डोळ्यांवरून हटेना.

रेंज फक्त गच्चीवर आणि मामांना जिना चढवणं अशक्य. म्हणून मामा खाली अंगणात खुर्चीवर, पाय स्टुलावर. आणि मी वर, कठड्याबाहेर फोन आडवा धरून. पडद्यावर डॉक्टरीणबाई, कोपऱ्यात माझा छोटासा फोटो. म्हटलं, वा! फोनवाल्याचा मान ठेवतात!

"वय?"

"बहात्तर!"

"वाटत नाही हो! केस काळेभोर!"

मामांच्या डोक्यावर तर लख्ख पौर्णिमा! असो, नेट नवीन आहे. चित्रात थोडं इकडंतिकडं व्हायचंच.

"त्रास काय?"

"पाय सुजलाय."

"चेहराही सुजलाय. जीभ दाखवा बरं."

"मामाऽऽ, जीभ!" मी बोंबललो. मामांनी जीभ काढली. कुंपणापलीकडच्या शेजाऱ्यांनीही काढली!

"दिसली! घसाही दिसला. पोट मात्र फार सुटलंय हो, कमी करा."

"मामा, पोट कमी करा म्हणतात!"

मामांनी पोट चाचपलं. सापडेना! "आत गेलं गं," ते मामींना म्हणाले, "आता मी काही राहत नाही." मामींनी गळाच काढला.

"आणि शर्ट सैल घाला. बटणं तुटायला आलीत!"

हाही निरोप मी इमानाने खाली पोचवला. मामींचं रडणं जागच्या जागी थांबलं.

"ह्यांच्या अंगात बनियन आहे! बाई बघतेय तरी कुणाला?"

धाडधाड जिना चढून त्या वर आल्या, फोन हिसकावला आणि एका बोटात कॅमेरा फिरवला. नेट आल्यापासून नातीशी रोज बोलतात ना! मग कठड्यावरून पाय मोठा करून दाखवला.

"अंगठ्याशी लाल ठिपका दिसतोय. काही चावलं का?"

खालून बारीक आवाज आला, "गांधीलमाशी. पोळं पाडायला गेलो होतो. ही रागावेल म्हणून बोललो नाही."

"ताप? धाप? काही नाही ना? मग घाबरू नका. गोळ्या सांगते, नर्सबाईंकडे मिळतील. सूज वाढली तर लगेच कळवा."

"पाय कापायचा नाही ना हो?" मामींनी विचारलं.

"नखं कापा. फार वाढलीत!"

मामी तिथेच पायरीवर बसल्या आणि हसतच सुटल्या. पदर पुन्हा डोळ्यांना, पण या वेळी कारण वेगळं. माझाही जीव भांड्यात पडला. तो पडतोय तोवर बाई म्हणाल्या, "मघाचे पेशंट आहेत का तिथे? त्यांना दिलेला सल्ला कायम आहे बरं का!"

मामांचा पाय आता ठणठणीत आहे. त्याच पायाने ते रोज जेवणाच्या वेळी माझ्या पाटाशी येऊन उभे राहतात आणि मी दुसऱ्यांदा भात मागितला रे मागितला, की अख्ख्या आळीला ऐकू जाईल असे ओरडतात, "भाचेबुवाऽऽ, पोट!"