पेठेकाकांची अमेरिका

आमच्या सिंगापुरातल्या सेरंगूनच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या बाजारात, पेठेकाकांच्या मागे रांगेत उभं राहायचं नाही, असा मी कानाला खडा लावलाय. हा माणूस जेवण विकत घेत नाही, जेवणाची चौकशी करतो. शाकाहारी शेवयांची ताटली समोर येते, मागे माणसं भुकेने चुळबुळत असतात, आणि काका ती ताटली उंच धरून वळून विचारतात, "हीच ताटली फिलाडेल्फियात केवढ्याला पडेल, आहे काही कल्पना?"

कुणालाच कल्पना नसते. स्टॉलवरची चिनी आंटी ओरडते, "अंकल, वॉन्ट ऑर डोन्ट वॉन्ट?" काका पैसे देतात आणि टेबलाशी बसता बसता उत्तरही आपणच देतात. फिलाडेल्फिया झालं की शिकागो, शिकागो झालं की ह्यूस्टन. शेवया संपेपर्यंत अर्धी अमेरिका उपाशी मेलेली असते.

आता तुम्हाला वाटेल, काकांची उभी हयात अमेरिकेत गेली असणार. छे हो! मूळचे सांगलीचे, तरुणपणी इथल्या एका बँकेत हिशेबाच्या कामावर आले, इथलेच नागरिक झाले आणि इथेच निवृत्त झाले. अमेरिकेच्या विमानाची पायरीसुद्धा चढलेले नाहीत. याला आपल्याकडे उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात. एवढंच, की काका त्यातली एकेक शेळी नावानिशी ओळखतात.

लोक शहरं मोजतात पगारावर. काकांना ते मान्य नाही. "पगार काय, कुणीही सांगेल. शहर ओळखायचं तर महिनाअखेरीला ओळखावं. शेवटच्या आठवड्यात तिथला गरीब माणूस काय खातो नि कुठे झोपतो, ते सांग मला." आणि मग मांडीवर थाप मारून, "स्वस्ताई आणि सुबत्ता या सख्ख्या बहिणी नाहीत गं मधुरा, सवती आहेत! डेट्रॉइटला घर स्वस्त, कारण घेणाऱ्याच्या खिशात दमडी नाही. सॅन फ्रान्सिस्कोला पैसा चिक्कार, पण शाळेतल्या बाईंना राहायला खोली नाही. बोल आता, कुठलं शहर गरीब?"

मी काय बोलणार, माझ्या कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिलेल्या असतात.

ही सगळी माहिती काका आणतात कुठून? फोन करून. आमची रात्रीची जेवणं होतात तेव्हा तिकडे सकाळ उजाडते. काका स्वच्छ शर्ट घालतात, केस विंचरतात (फोनवर कोण बघतंय, पण नाही!) आणि कुठल्यातरी शहरातल्या घरं भाड्याने देणाऱ्या ऑफिसात फोन लावतात. "गुड मॉर्निंग, पेठे फ्रॉम सिंगापूर हिअर." भाडं किती, बस दारात येते का, कपडे धुवायचे पैसे वेगळे का, आणि सगळ्यात शेवटी, आवाज जरा खाली आणून, "अँड हीटर? इज हीटर इन्क्लूडेड?" डेट्रॉइटच्या एका लाँड्रीतल्या बाईशी तर त्यांची इतकी गट्टी जमलीय, की तिच्या नातवाचे दात कधी आले तेही आम्हाला ठाऊक आहे.

'हीटर धरलास का?' हा काकांचा परवलीचा शब्द. मंडळाच्या गणपतीत एक गृहस्थ सॅन फ्रान्सिस्कोतल्या मुलाच्या पगाराचा आकडा आरतीच्या चालीवर सांगत हिंडत होते. काका त्यांना गाठून म्हणाले, "वा! अभिनंदन. भाड्यात हीटर धरलाय का? आणि बाथरूम किती जणांत?" गृहस्थांचा मोदक घशातच अडकला. पुढच्या वर्षी त्यांच्याच बायकोने मला हळूच सांगितलं, चार पोरांत एक बाथरूम आहे म्हणून.

लोक हसतात त्यांना. मीही हसले आहे. मालतीकाकू तर उघड म्हणतात, "यांना अख्खी अमेरिका तोंडपाठ, पण घरात मिठाची बरणी कुठेय ते सांगता येत नाही." काकूंचं डायलिसिस एक दिवसाआड नोव्हेनाला असतं, तिथल्याच एका हॉस्पिटलच्या हिशेब खात्यात मी काम करते. त्यामुळे सकाळी एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, आमची तिघांची वरात निघते. काकू खिडकीशी, काका त्यांची पिशवी धरून, आणि मी अमेरिका ऐकत.

पण हसता हसता एक सांगून टाकते. या माणसाचं ऋण माझ्याच्याने फिटायचं नाही. आम्ही नवे आलो तेव्हा एजंट आम्हाला पोहण्याचा तलाव असलेला महागडा काँडो गळ्यात मारत होता. लिफ्टमध्ये ओळख ना पाळख, काका मध्येच नाक खुपसून म्हणाले, "पोहता येतं का दोघांना?" नव्हतं येत. म्हणून आज त्यांच्या शेजारचा हा साधा फ्लॅट. पुढे मला डेंग्यू झाला, नेमका तेव्हा माझा नवरा मिलिंद वडलांच्या आजारपणासाठी पुण्याला. आमची लेक सई काकूंकडे, आणि काका माझ्या कॉटशेजारी खुर्चीत. प्लेटलेट्स धडाधड खाली येत होत्या, माझ्या तोंडचं पाणी पळालेलं, आणि हा माणूस शांतपणे मला टेक्सासमधली भाडी सांगत होता. ह्यूस्टन, सॅन अँटोनियो, ऑस्टिन. ऑस्टिनपाशी मला झोप लागायची. जाग यायची तेव्हा काका तिथेच. माझ्या सख्ख्या काकाने एवढं केलं नसतं.

तर अशा काकांची खरी गरज आम्हाला पडली ती या वर्षी. मिलिंदच्या कंपनीने बुओना व्हिस्टाचं ऑफिस बंद करायचं ठरवलं. आमचे इथे राहायचे पास नोकरीला बांधलेले, माझी नोकरी कंत्राटी, तीही संपत आलेली. कंपनी म्हणाली, अमेरिकेत या. सॅन फ्रान्सिस्को, डॅलस किंवा क्लीव्हलंड, कुठलं ते सोमवारी सांगा. पगार प्रत्येक ठिकाणचा वेगळा. पुण्यातला संसार मोडून इथे आलो होतो, आता इथला मोडून तिथे. एकदा निवड चुकली की आगीतून फुफाट्यात, आणि बरोबर सईचं शिक्षण.

शनिवारी दुपारी आम्ही काकांच्या घरी गेलो. मिलिंद म्हणाला, "काका, आज थट्टा नाही. तुम्ही सांगाल तिथे जातो."

काका ताठ बसले. कागद नाही, पेन्सिल नाही, सगळं तोंडी. सॅन फ्रान्सिस्को त्यांनी दोन वाक्यांत उडवलं, "तेवढ्या पगारात तिथे तुम्ही गरिबांत मोडाल." मग डॅलस. भाडं, दोन गाड्या, विमा, उन्हाळ्यातला एसी, शाळेचा भाग, सगळं कसं घासून पुसून. मग क्लीव्हलंड. घर स्वस्त, अंगण मोठं, शाळा बरी, भाजी परवडेल, डॉक्टर नामांकित. "मिळकत कमी दिसेल, पण शिल्लक जास्त राहील. माझं मत, क्लीव्हलंड."

मिलिंदचा चेहरा खुलला. माझा नाही. मी हिशेब खात्यातली बाई, मला न आलेली रक्कम आधी दिसते.

"काका," मी म्हटलं, "हीटर?"

काका पंख्याकडे बघायला लागले.

"तिथे तर थंडी जीवघेणी असते म्हणे. आणि दुसरी गाडी? डॅलसला धरलीत, इथे नाही धरलीत."

स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, "सांगा आता. आणि खरं सांगा."

काकांना मुलगी आहे, मुक्ता, ती अमेरिकेत आहे, एवढं आम्हाला माहीत होतं. भिंतीवर तिचा पदवीचा फोटो आहे. पण विषय काढला की काका लगेच कुठल्यातरी शहराच्या बसभाड्यावर घसरायचे. त्या दुपारी पहिल्यांदा ते बोलले. मुक्ता क्लीव्हलंडलाच असते. नवऱ्याशी पटलं नाही, वेगळी झाली. गरीब वस्तीतल्या शाळेत लहान मुलांना शिकवते. मुलांच्या डब्यात काही नसतं, म्हणून पगारातून त्यांच्यासाठी खाऊ घेऊन जाते.

"दर रविवारी व्हिडिओवर बोलतो आम्ही," काका म्हणाले. "सगळं छान आहे बाबा, म्हणते. पण घरात कोट घालून बसलेली असते. विचारलं की म्हणते, आत्ताच बाहेरून आले. अगं, दर रविवारी कशी आत्ताच बाहेरून येईल?" त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. "पैसे पाठवले तर परत पाठवते. इकडे काकूला सोडून मी जाऊ शकत नाही. म्हणून म्हटलं, एकट्या मास्तरणीला हीटर चालू ठेवून राहता येईल असं शहर शोधावं. सगळी शहरं पालथी घातली. ती म्हणते, पोरांना टाकून कुठे जाऊ? मग तुमचं निघालं. मला वाटलं, तुम्ही तिथे असलात तर रविवारी तिला जेवायला बोलवाल. लबाडी केली मी. तुम्ही डॅलसला जा, तेच खरं उत्तर आहे."

मिलिंद भडकला. "काका, माझ्या पोरीच्या आयुष्याचा प्रश्न होता हो!" म्हणाला आणि उठलाच. काका मान खाली घालून बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं.

घरी येऊन आम्ही दोघं संध्याकाळभर धुमसत होतो, तो काकांवर आणि मी कशावर कोण जाणे. मग मीच बसले आणि हीटर धरून, दुसरी गाडी धरून सगळं पुन्हा मांडलं. डॅलस पुढे होतं. फार नाही, पण होतं. मिलिंदला दाखवलं. तो आकड्यांवरून बोट फिरवत म्हणाला, "मधुरा, डॅलसला आपलं कोण आहे गं?"

"कुणी नाही."

"इथे आलो तेव्हाही कुणी नव्हतं. तू तापाने फणफणली होतीस तेव्हा काका नसते तर?" तो म्हणाला, "हे कुठल्या आकड्यात धरायचं?"

मला रडूच फुटलं. सई आतून आली. मिलिंदने तिला विचारलं, बर्फाच्या गावाला चालेल का? "स्नो? रिअल स्नो? कॅन लाह!" आमच्या कन्येने तिथल्या तिथे निकाल लावला.

रविवारी सकाळी आम्ही पुन्हा काकांच्या दारात. मिलिंदने वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "क्लीव्हलंड कळवतोय." काका भांडायलाच उठले. "अरे मूर्खा, डॅलस! हिशेब कळत नाही का तुला?" मिलिंद म्हणाला, "कळतो. तुमच्याकडूनच शिकलो." तरी काका ऐकेनात. शेवटी काकूंनी त्यांना दटावलं, "पुरे झालं. फोन लावा पोरीला."

तिकडे शनिवारची संध्याकाळ होती. मुक्ता पडद्यावर आली, अंगात खरंच कोट, मागे एक कोरी भिंत. काकांनी अडखळत आमची ओळख करून दिली. मी म्हटलं, "मुक्ताताई, आम्ही तुमच्या गावाला येतोय. दर रविवारी आमच्याकडे जेवायचं, ही तुमच्या बाबांची अट आहे."

ती एकदम घाईघाईने बोलायला लागली, शब्दावर शब्द पडत होते. "छे, छे, पहिलं जेवण माझ्याकडे. नव्या घरात पहिल्या दिवशी कोण स्वयंपाक करतं? मुलीला काय आवडतं? वरणभात खाते ना? मी किती दिवसांत कुणासाठी काही केलं नाहीये हो." तेवढ्यात तिला काहीतरी आठवलं. "थांबा हं, बसायला मात्र..." म्हणत ती उठली, आणि हातातला फोन खोलीभर फिरला. लहानशी स्वच्छ खोली, खिडकीत एक कुंडी, एक टेबल. टेबलाशी एक खुर्ची.

"खुर्च्या आणायला हव्यात," मुक्ता हसत म्हणाली. "माझ्याकडे एकच आहे."

"पाच-सहा आण गं," काकू म्हणाल्या. "मी बरी झाले की आम्हीही येऊ." बऱ्या होण्याचं काय आहे ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं, पण मुक्ता म्हणाली, "आणते आई, आजच जाते."

फोन बंद झाला तरी काका पडद्याकडेच बघत होते. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"सगळ्या अमेरिकेतली भाडी विचारली गं मी," काका म्हणाले. "पोरीला घरात खुर्च्या किती, हे कधी विचारलंच नाही."