सेल आला, बॅटरी यायची आहे

भर दुपारी माझ्या दुकानात एखादा माणूस गोणपाटात डोकं घालून बसलेला दिसला, तर जुनं गिऱ्हाईक दचकत नसे. "काथोडदादा आलाय वाटतं," एवढंच म्हणे आणि आपली वायर मागे. नवं गिऱ्हाईक मात्र पायरीवरच थबके. मग गोणपाटातून आवाज येई, "घाबरू नका. बॅटरी बघतोय."

शहापूरच्या बाजारपेठेत माझं इलेक्ट्रिकच्या सामानाचं छोटं दुकान आहे. आमच्याकडे विजेरीला बॅटरी म्हणतात आणि तिच्या पोटात घालायच्या त्या नळकांड्याला सेल. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा एक घोटाळा याच दोन शब्दांनी केला.

काथोडदादा सापगावच्या बाजूचा. पन्नाशी उलटलेला, अंगाने वाळलेला, डोक्यावर कायम टोपी. आसनगावच्या रस्त्यावर एका भाताच्या गिरणीत तो राखणदार होता. संध्याकाळी सहाला कामावर जायचा, सकाळी सहाला सुटायचा. शनिवारी थोडी झोप काढून अकराच्या सुमाराला माझ्याकडे यायचा आणि म्हणायचा, "शेट, नवीन काय आलंय?"

नव्वद सालानंतरची ती वर्षं. तेव्हा दुकानात बॅटऱ्यांची एक वेगळी फळी असे. तीन सेलच्या लांबलचक स्टीलच्या, दोन सेलच्या, प्लास्टिकच्या. बल्ब मी कापसात गुंडाळून काडेपेटीत ठेवत असे. बटण सरकवल्यावर येणारा तो खट्ट आवाज अजून माझ्या कानात आहे. आता मोबाइललाच बॅटरी असते आणि ती फळी मी चार्जरांना दिली.

काथोडदादा बॅटरी बघायचा त्याला पाऊण तास लागायचा. आधी तळहातावर तोलायची. मग मुठीत धरून मूठ मिटायची आणि किती बाहेर उरते ते बघायचं. मग ती चक्क दातात धरायची. धरून मान डावीकडे, उजवीकडे, खाली. मी ओरडायचो, "दादा, माल आहे तो, ऊस नाही." तो दातातल्या बॅटरीसकट काहीतरी बोलायचा, मला कळायचं नाही. शेवटी टोपीतून दुधाच्या पिशवीचा एक पांढुरका तुकडा काढायचा, तो डोळ्यांपुढे धरायचा आणि बॅटरीसकट गोणपाटात शिरायचा. बाहेर यायचा तेव्हा भुवयांवर तूस असायचं.

"कशी आहे?"

"चांगली हाय. पण नको."

"का?"

"माणसाला हात दोनच हायेत, शेट."

हे त्याचं ठरलेलं वाक्य. आम्ही त्याची टर उडवायचो. समोरचा चहावाला तर त्याला लांबून बघितलं की म्हणायचा, "दोन हात आले रे. एक कटिंग जास्त टाक." दादाही हसायचा. त्याला चिडवून घ्यायला काही वाटत नसे. निदान मला तसं वाटायचं.

एकदा शाळेतले एक गुरुजी फ्यूजची तार घ्यायला आले होते. ते म्हणाले, "काथोड, तू राखणदार माणूस. तुला तीन सेलची पाहिजे. चोर उजेड बघूनच पळाला पाहिजे."

"ती गिरणीची हाय ना गिरणीत," दादा म्हणाला. "चोरासाठी ती बरी."

"मग ही कोणासाठी शोधतोस?"

"ही माणसासाठी."

आम्ही सगळे हसलो. मी सर्वांत मोठ्याने.

त्याची मागणी साधी होती आणि अशक्य होती. बॅटरी एकाच पेन्सिल सेलची हवी, अंगठ्यापेक्षा फार जाड नको आणि सेल चार्जिंगचा हवा. मी त्याला कितीदा समजावलं. एका सेलवर बल्ब निखाऱ्यासारखा लाल पेटतो. त्यात चार्जिंगचा सेल साध्यापेक्षा कमी जोराचा. "दोन सेलची घे आणि विषय संपव." तर म्हणायचा, "दोन सेलची घेतली की दाढ दुखते." माणूस बॅटरी घेतो आणि दाढ दुखते, याचा अर्थ काय हे विचारायचं माझ्या मनातही आलं नाही.

शेवटी एकदा कल्याणच्या घाऊक व्यापाऱ्याच्या यादीत मी लिहिलं, 'एक सेलची चार्जिंगवाली बॅटरी, नग एक.' कल्याणला बॅटरी म्हणजे सेल. त्याने चार्जिंगचा एक पेन्सिल सेल पाठवला, वर चार्जर. मी कपाळावर हात मारला. दादाने मात्र तो सेल दोन बोटांत धरला, उजेडाकडे करून बघितला आणि रुमालात गुंडाळला.

"अरे, बॅटरी नाही आली, नुसता सेल आलाय."

"सेल आला ना? मग बॅटरी येईल."

त्या दिवसापासून बाजारात एक नवा विनोद झाला. लोक बॅटरीसाठी सेल घेतात, काथोडदादा सेलासाठी बॅटरी बघतोय, मुलीसाठी स्थळ बघावं तसा. दर शनिवारी तो सेल रुमालातून बाहेर निघायचा आणि माझ्या चार्जरला लागायचा. दिवसभर लाल दिवा जळायचा आणि संध्याकाळी कामावर जाता जाता दादा सेल घेऊन जायचा.

"दादा, तू हा वापरतच नाहीस. मग उतरतो कसा?"

"वाट बघून उतरतो," तो म्हणाला.

मध्ये एकदा तो मुरबाडच्या बाजारातून पेनासारखी एक बॅटरी घेऊन आला. एका सेलची होती, खिशाला अडकवायची. चेहरा फुललेला होता. पुढच्या शनिवारी विचारलं तर म्हणाला, "पेटीत गेली. काजव्याएवढा उजेड. वर पत्र्याची, दाताला गार लागते." नंतर आणखी एक कुठून तरी आणली, तीही पेटीत गेली. कोणाच्या पेटीत, हेही मी विचारलं नाही. आज हे लिहिताना मोजतो आहे. सात-आठ वर्षं हा माणूस माझ्या दुकानात येत होता आणि त्याला ही बॅटरी नक्की कशासाठी हवी आहे, हा एक प्रश्न मी त्याला धड विचारला नाही. मी विनोदावर खूश होतो.

दोन हजार सालानंतर पांढऱ्या उजेडाच्या बॅटऱ्या यायला लागल्या. आधी तीन-तीन सेलच्या आल्या. मग एका दिवाळीआधी कल्याणहून नमुन्याचा एकच नग आला. एका पेन्सिल सेलची, बोटभर लांब, आत काहीतरी जोडणी अशी की एका सेलवरही उजेड पांढराशुभ्र. आणि अंगावर रबराचं आवरण. मी ती काचेच्या कपाटात ठेवली आणि शनिवारची वाट बघितली, हे मात्र खरं.

दादा आला. तोलली, मुठीत धरली. सगळी मुठीत गेली. दातात धरली, मान फिरवली. रुमालातला सेल घातला, पिशवीचा तुकडा डोळ्यांपुढे धरला आणि गोणपाटात शिरला. या वेळी फार वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा एकच शब्द बोलला, "दिसतंय."

मग जवळ येऊन हळूच म्हणाला, "शेट, दोन सांजा घरी नेतो. सोमवारी आणून दाखवतो. पसंत पडली तर घेतली, नाय तर परत."

दिवाळीच्या माळा घ्यायला दुकानात ही गर्दी. कोणाला लाल माळ हवी, कोणाला लावून दाखवायला हवी. मागून कोणीतरी म्हणालं, "दोन हात निघाले घरी." हशा झाला. आणि मला एकदम राग आला. त्याचा आला की माझाच, देव जाणे.

"दादा, हे दुकान आहे," मी म्हणालो. "इतकी वर्षं माझ्या गोणपाटात डोकं घालतोस. घ्यायची तर घे, नाहीतर ठेव. दात लावलेला माल मी परत घेत नाही. पाटी वाच."

दादाला वाचता येत नव्हतं. हे मला माहीत होतं.

"काय लिवलंय?" त्याने विचारलं.

मी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं, "विकलेला माल परत घेतला जाणार नाही."

त्याने बॅटरी सदऱ्याला पुसली, आपला सेल काढून रुमालात ठेवला आणि बॅटरी स्वतःच्या हाताने कपाटात परत ठेवली. "मग राहू दे. तिला दाखवल्याबिगर कशी घेऊ? मागल्या दोन तिनं पेटीत टाकल्या."

तो 'तिला' हा शब्द मी ऐकला. गर्दीत ऐकू आला नाही, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. ऐकला होता.

पुढच्या शनिवारी दादा आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग गिरणीतला एक हमाल बल्ब न्यायला आला, त्याला मी सहज विचारलं.

"त्याची बाई पडली ना," हमाल म्हणाला. "परसाकडला गेलेली दिवेलागणीला. लाइट गेलेली. बांधावरनं पाय सटकला, खुबा मोडला."

"एकटी कशी गेली?"

"दादा ड्यूटीवर. शेजारचं कोणी सोबत यायचं म्हटलं की लाजायची ती. रात्री जायला लागू नये म्हणून सांजचं जेवायचंपण सोडलेलं. दिसतं कमी तिला. डोळ्यांपुढं दुधाची पिशवी धरल्यागत दिसतं, असं डॉक्टरच बोललेला. एका हातात काठी, एका हातात टमरेल. मग बॅटरी धरायची कुठं? दातातच ना. तशी शोधीत होता बिचारा कवापासून. तुमच्याकडंच यायचा की."

"कधी पडली?"

"दिवाळीच्या आधीचा रविवार."

म्हणजे मी पाटी वाचून दाखवली, त्याच्या दुसऱ्या दिवशी. ती बांधावर पडली तेव्हा बॅटरी माझ्या कपाटात होती. मी काच सरकवून ती काढली. रबरावर दादाच्या पुढच्या दोन दातांचे वळ तसेच होते.

बाजाराचा दिवस असून मी शटर ओढलं आणि स्कूटर काढली.

दादा खाटेशेजारी बसून बायकोला पेज भरवत होता. मला बघून म्हणाला, "शेट, बाजाराच्या दिवशी दुकान बंद?" आवाजात टोमणा नव्हता, खरंच विचारत होता. दाराशी काठी उभी होती आणि काठीजवळ टमरेल. मी खिशातून बॅटरी काढून पुढे केली.

दादाने कोनाड्यातून रुमाल काढला, सेल घातला आणि बॅटरी बायकोच्या हातात दिली. "बघ गो. हीच ती."

वहिनींनी ती बोटांनी चाचपली आणि दातात धरून बटण दाबलं. उजेड वर गेला. कौलं, वासे, आढ्याला टांगलेल्या काकड्या, सगळं लख्ख झालं. त्या बॅटरी न काढताच काहीतरी बोलल्या.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हणते, गार लागत नाय."

मग त्यांनी ती तोंडातून काढली. "किती सेलची?"

"एकाच. आन् तोपण चार्जिंगचा. कितीपण लाव, उतरला की शेट भरून देतो."

"मग बरी," त्या म्हणाल्या आणि माझ्या दिशेने बघून सांगू लागल्या, "साध्या सेलची असली की मी लावतच नाय. उगी सेल जळतात. लावत नाय म्हणून हे ओरडतात मना."

"दादा," मी म्हणालो, "त्या दिवशी मी..."

"त्या दिवशी गर्दी होती," तो म्हणाला आणि पेजेचा वाडगा उचलून आत गेला.

वहिनी पुन्हा चालल्या नाहीत. बॅटरी मात्र रोज लागायची. त्यांच्या खाटेवर छपरात एक काचेचं कौल होतं. दादा कामावर निघून बांधाच्या वळणाला पोचला असेल अशा अंदाजाने त्या खाटेवरून वर उजेड टाकायच्या. "कौल पेटलं की मी पुढं चालतो," असं त्याने मला एकदाच सांगितलं, तेही चार्जरकडे बघत. सेल तेव्हा दर शनिवारी खरोखरच पार उतरलेला असायचा.

दोन वर्षांनी त्या गेल्या. गिरणीतलं कामही सुटलं. ती पाटी मी कधीच काढली आहे, भिंतीत नुसता खिळा राहिलाय.

दादा अजून शनिवारी येतो. रुमाल सोडतो, सेल काउंटरवर ठेवतो. मी तो मीटरला लावून बघतो. काटा पूर्ण पलीकडे जातो. आठवडाभर त्या घरात बॅटरी कोणी लावलेली नसते.

"उतरलाय का रं?" तो विचारतो.

"उतरलाय, दादा," मी म्हणतो आणि भरलेला सेल चार्जरला लावतो. लाल दिवा लागतो. "संध्याकाळपर्यंत थांबावं लागेल."

"थांबतो की," तो म्हणतो, गोणपाटाची घडी करून स्टुलावर टाकतो आणि बसतो.